दप्तर हलवले म्हणून मारामारी: अस्थिर बालपणाचा दोष किती?

मूळ लेख (प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा)

आमच्या शाळेतील बरीच मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परततात. गेल्या एप्रिलमध्ये परतलेल्या ७ वर्षांच्या एका मुलाने पहिल्याच आठवड्यात तिघांना मारले. कारण दर वेळी एकच होते, कोणीतरी त्याचे दप्तर जागेवरून हलवले होते. खिचडी खाताना त्याचा डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा असे. एका सहकाऱ्याने त्याला ‘वाया गेलेला’ ठरवले, तेव्हा मला राहवले नाही. जन्मापासून दर हंगामाला नव्या अड्ड्यावर (ऊसतोड कामगारांच्या तळावर) वाढलेल्या मुलाला स्वतःची म्हणावी अशी जागा दप्तराएवढीच उरते आणि ती राखण्यासाठी तो हात उगारतो, असे माझे मत आहे. म्हणूनच आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुले गावातच राहावीत म्हणून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत ६ वर्षांखालील मुलांचीही सोय व्हावी, असे मला वाटते.

प्रतिसाद १ (ऊसतोड कामगारांचा मुलगा, सध्या पुणे)

बाई, तुमची तळमळ पोहोचली, पण निष्कर्ष मान्य नाही. मी लहानपणी ९ हंगाम कोपीत, म्हणजे अड्ड्यावरच्या तात्पुरत्या झोपडीत, काढले. कोपी दर वर्षी बदलली, आई मात्र तीच राहिली. मी खरा बिघडलो तो पुढची २ वर्षे, शिक्षणासाठी मला नातेवाइकांकडे ठेवले तेव्हा. तिथे मी चोऱ्या केल्या, शाळा बुडवली आणि रात्री अंथरूणही ओले केले. ४ वर्षांच्या लेकराला आईपासून तोडून वसतिगृहात ठेवणे म्हणजे एका अस्थिरतेवर दुसरी, अधिक खोल अस्थिरता लादणे होय. हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके अभ्यास झाला. त्यात गरिबी, घरातील भांडणे अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली, आणि त्यांच्या आयुष्यात जीव लावणारे निदान एक माणूस टिकून होते.

प्रतिसाद २ (बालसमुपदेशक, छत्रपती संभाजीनगर)

वरील अनुभवाला रोमानियाची राजधानी बुखारेस्ट येथील अभ्यासाचाही आधार आहे. तेथील अनाथालयांतील १३६ तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, त्यांचा सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. साडेचार वर्षांच्या वयापर्यंत त्यांच्यातील भीती आणि उदासी कमी झाली, पण अतिचंचलता आणि आक्रमकता तेव्हा फारशी हटली नव्हती. आक्रमक वर्तनातील फरक १२व्या वर्षी दिसला. माणसाशी जडणारे नाते मात्र वयाची २ वर्षे पूर्ण होण्याआधी घर मिळालेल्यांचे अधिक सुरक्षित होते. सतत सावध राहायला शिकलेले शरीर धोका टळल्यावरही लगेच सैलावत नाही. ते दप्तर मला त्याच सावधपणाची खूण वाटते.

तरीही ‘आई तीच राहिली’ एवढ्यावर मी थांबणार नाही. ती माउली पहाटे अंधारात फडावर जाते आणि मागे तान्ह्याला ८ वर्षांची बहीण सांभाळते. त्या मुलीचे बालपण आपल्या हिशेबात कुठेच येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मूळ लेखिका

वसतिगृहाचा आग्रह मी लहानग्यांपुरता मागे घेते. आईपासून तोडण्याचा विचार मी पुरेसा केला नव्हता. मात्र शाळेची जबाबदारी मी सोडणार नाही. आम्ही या मुलाच्या नावाची खुंटी भिंतीला ठोकली आहे आणि तो नसतानाही तिथे दुसऱ्याचे दप्तर लागत नाही.

प्रतिसाद १

खुंटी चांगलीच आहे, बाई. पण तो मुलगा वर्षातील ५-६ महिने अड्ड्यावर असतो आणि पाळणाघर तिथेच हवे. कारखाना मुकादमामार्फत (मजूर पुरवणाऱ्यामार्फत) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन आईवडील दोघांचे श्रम आधीच बांधून घेतो, तर त्या श्रमांच्या वेळेत लेकराला सांभाळणाऱ्या बाईचा पगारही त्यानेच द्यावा. ती बाई टोळीच्याच गावची असावी आणि पुढच्या हंगामालाही तीच यावी.