आईला घेऊन कोयासानला जायचंय, झेपेल का?

कोथरूडची लेक: नोव्हेंबरात आईसोबत ओसाकाला आहे. जवळच्या कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठात एक रात्र राहायचीच, असा तिचा हट्ट. वय ७१, गुडघे दुखतात, मासे चालत नाहीत. जमेल का?

गोदाकाठ: ताई, नक्की न्या. मी आईला घेऊन गेलो तेव्हा तीही सत्तरीचीच होती. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनाहून नानकाई रेल्वेची गाडी, गोकुराकुबाशीला केबल कार, वर बस. चढ कुठेच लागत नाही.

जेवणाची काळजी सोडा. मठातल्या शोजिन र्‍योरीत, म्हणजे भिक्षूंच्या शाकाहारी जेवणात, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. सार कोंबू शेवाळ आणि सुक्या शिताके अळंब्यांचं. तरी बुकिंग करतानाच सांगून ठेवा. जमिनीवर बसावं लागतं, म्हणून बुटकी खुर्ची मागा.

ओकुनोइन म्हणजे कोयासानचं समाधिस्थान, तिथली पूर्ण वाट इचिनोहाशी पुलापासून २ किलोमीटर. ‘ओकुनोइन-माए’ या बसथांब्यावर उतरलात तर निम्मीच. दोन्हीकडे सीडरचे उंच वृक्ष आणि दोन लाखांवर समाध्या. तिथे आई एका दगडी समाधीपाशी थबकली. खाली चौकोन, त्यावर गोल, त्रिकोण, अर्धचंद्र, टोकाला रत्न. मी सांगितलं, पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येकावर सिद्धम् लिपीतलं एकेक अक्षर: अ, व, र, ह, ख. आपल्या नागरीच्या नात्यातलीच ही लिपी. कोयासानचे संस्थापक भिक्षू कूकाई ८०६ मध्ये चीनहून परतले, ते हे मंत्रशास्त्र घेऊनच. आईने ‘अ’वरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. आमच्या सहलीतलं मला सर्वांत जास्त आठवतं ते हेच.

पहाटेचा ‘गोमा’ म्हणजे आपला होम. ‘नोमाकु सान्मांदा’ कानावर आलं की त्यातलं ‘नमः समन्त’ ओळखू येतं. सगळ्या मठांत गोमा होत नाही, आधी विचारा.

डोंगरवाट: बस न्योनिन्दो या बायकांसाठीच्या जुन्या देवळावरून जाते, तिथे आईंना उतरवाच. १८७२ मध्ये सरकारने बंदी उठवली, त्याआधी बायकांना तिथून पुढे जाता येत नसे. त्या बाहेरूनच डोंगराला प्रदक्षिणा घालायच्या. मला तिथे भरून आलं होतं.

कोथरूडची लेक: दादा, ताई, मनापासून आभार! गोमा होणारा मठ मिळाला. कूकाईंच्या समाधीपाशी फोटो काढता येतो का?

गोदाकाठ: नाही. गोब्योबाशी पूल ओलांडण्याआधी कॅमेरा आणि टोपी पिशवीत ठेवायची. कूकाई ८३५ पासून तिथे ध्यानात बसलेत अशी श्रद्धा आहे. रोज सकाळी ६ आणि १०:३० ला भिक्षू त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. साडेदहाचं गाठा, आईंना नैवेद्य पाहायला मिळेल. आणि लोकरीचे जाड मोजे न्या, मठातल्या लाकडी ओसऱ्या फार गार असतात.