टर्कीची ‘ग्रेव्ही’: रस्सा, आळण की आणखी काही?

पाटावरवंटा
थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजतात त्या टर्की पक्ष्याची पाककृती मराठीत आणतोय, इथल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या नोव्हेंबरच्या अंकासाठी. पक्षी भाजून झाला, ग्रेव्हीपाशी गाडी अडली. ‘ग्रेव्ही’ तसंच ठेवलं तर मराठी वाचक कांदा-टोमॅटो-काजू वाटायला घेणार. ‘रस्सा’ म्हटलं तर वाटीत घेऊन भुरकणार. ही तर कुस्करलेल्या बटाट्यावर पळीभर ओतायची, चमच्याच्या पाठीवर लेप धरेल इतपत दाट. शिवाय भाजताना ट्रेमध्ये गळतं त्याला काय म्हणायचं, तळाला चिकटतं त्याला काय? मी अनुक्रमे ‘रस’, ‘खरवड’ आणि दाटपणासाठीच्या पिठाला ‘आळण’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी तिन्हींवर लाल रेघ ओढली.

उलथनं
आळणावरची रेघ बरोबर आहे. आळण म्हणजे पाण्यात किंवा ताकात कालवलेलं कच्चं पीठ, पातळ भाजी उकळत असताना लावतात ते. इथे पीठ आधी चरबीत परतायचं. ४ कप ग्रेव्हीला ६ मोठे चमचे चरबी आणि तेवढाच मैदा, मध्यम आचेवर ४-५ मिनिटं. कच्चट वास गेला, भाजल्या पिठाचा वास सुटला की पुरे. बेसनाच्या लाडवाइतका रंग चढवला तर खमंगपणा वाढतो पण दाटपणा घटतो, कारण भाजण्यात स्टार्च तुटतो. तेव्हा मैदा चमचाभर जास्त घ्यायचा.

पाटावरवंटा
मग त्याला ‘भाजलेलं पीठ’ म्हणू? लोक कोरडंच भाजतील.

रांजण
‘चरबीत परतलेला मैदा’ लिहा आणि मोकळे व्हा. दरवेळी एकच शब्द सापडायला हवा असं कुणी सांगितलंय? पण आळण हाकलू नका. मैद्याऐवजी कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून लावतात, ते तंतोतंत आळणच. मैद्याच्या निम्मं लागतं, ४ कपांना ३ मोठे चमचे. चकाकी छान येते, पण फार वेळ उकळलं किंवा घोटलं की परत पातळ होतं, आणि फ्रीझरमधून काढल्यावर पाणी सोडतं. ग्लूटेन न खाणारं कुणी पंगतीला असेल तर हाच मार्ग.

कोशकिडा
आळण हा शब्द ‘अळणी’वरूनच आला असणार. पीठ लावलं की मिठाची चव मरते, भाजी अळणी लागते. सरळ आहे.

अनुस्वार
सरळ दिसतंय, पण चूक आहे. अळणी आला ‘अलवण’वरून, म्हणजे मीठ नसलेलं. आळण ‘आळणे’ या क्रियापदाचं. दूध आटतं म्हणजे कमी होतं, आळतं म्हणजे दाट होतं. हल्ली पाककृतीवाले दोन्हींना ‘आटवा’ लिहितात.

उलथनं
आणि त्या ‘आटवा’नेच घोळ होतो. ‘दाट होईपर्यंत आटवा’ वाचून माणूस अर्धा तास उकळत बसतो, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि ग्रेव्ही खारटढोण. मैदा नीट आळतो तो उकळी आल्यावर. मग मंद आचेवर ५ ते १० मिनिटं, बस. निवताना ती आणखी दाटते, म्हणून हवी त्यापेक्षा जरा सैल असतानाच उतरवायची.

तिखटजाळ
अळणीचा विषय निघालाच आहे तर ऐका. कोल्हापुरात मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्याला अळणी म्हणतात. टर्कीची मान, पेटा (पक्ष्याचं जठर), हृदय उकळून जे पाणी काढतात त्याला हाच शब्द चपखल. उगाच ‘स्टॉक’ कशाला?

अनुस्वार
कोल्हापूरच्या अळणीत हळद, आलं-लसूण असतं, आणि नावाला न जागता मीठही असतं. टर्कीच्या पाण्यात कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र, दहाबारा मिरे. सव्वा-दीड लिटर पाण्यात दोन तास मंद आच. मीठ अजिबात नाही. पक्षी मिठाच्या पाण्यात मुरवलेला असेल तर ट्रेमधला रस आधीच खारट असतो. मीठ चाखून, शेवटीच.

तिखटजाळ
म्हणजे शब्दाप्रमाणे खरी अळणी तुमचीच झाली. घ्या की मग.

रांजण
मूळ अडचण गळलेल्या रसाची होती. तपासणाऱ्यांनी ‘रस’ खोडून काय सुचवलं?

पाटावरवंटा
‘स्नेहद्रव’.

रांजण
अरे देवा. औषधाच्या बाटलीवरचा शब्द वाटतो. मराठी स्वयंपाकघर म्हणतं ‘पाणी सुटलं’, ‘तेल सुटलं’, ‘अंगच्या पाण्यात शिजव’. ट्रेमध्ये दोन्ही असतात, वर चरबी आणि खाली अंगचं पाणी, आणि दोघांची कामं वेगळी. तेव्हा दोन शब्दच बरे. सगळं उंच काचेच्या मापात ओतायचं, दहा मिनिटांत तवंग वर येतो. तो काढून ठेवायचा, त्यातच मैदा परतायचा. ६ चमचे भरत नसतील तर कमी पडेल तेवढं लोणी. खालचा रस किती आहे ते मोजायचं आणि अळणी घालून एकूण ४ कप करायचे. तवंग नीट न काढता मैदा मात्र मोजून घातला की जास्तीची चरबी वर तरंगते, ग्रेव्ही तेलकट.

कोशकिडा
खरवडीवरची लाल रेघ मात्र मला पटली. खरवड दुधाची. भाताची खरपुडी. मांसाची खरवड कुणी ऐकली आहे?

उलथनं
खरवडून निघते ती खरवड. भांड्यात दूध होतं की कोंबडी, हे उलथन्याला कळत नाही.

कोशकिडा
हा विनोद झाला, पुरावा नाही.

उलथनं
पुरावा ट्रेमध्ये आहे. चरबी काढल्यावर तो ट्रे दोन शेगड्यांवर आडवा ठेवा, कपभर अळणी ओता, उकळी आली की लाकडी उलथन्याने तळ खरवडा. तपकिरी असेल तर ती खरवड, ग्रेव्हीची निम्मी चव तिच्यातच. काळी असेल तर करप, ती फेकायची. ग्रेव्हीत गेली तर कडवटपणा साखरेनेही लपत नाही. रस सुकून करपायला लागलाय असं दिसलं तर भाजतानाच ट्रेमध्ये कपभर पाणी घालत राहायचं. खरवडायला ओतलेला अळणीचा कपही त्या चारांतच धरा.

अनुस्वार
शुद्धतेवर इतकं भांडताय म्हणून सांगतो, इंग्रजी ‘ग्रेव्ही’च मुळात वाचनचूक मानतात. जुन्या फ्रेंचमधला ‘ग्राने’, हस्तलिखितातला ‘न’ कुणीतरी ‘व’ वाचला आणि ‘ग्रावे’ झाला.

तिखटजाळ
आणि पक्ष्याचं नाव तरी कुठे धड आहे? इंग्रज म्हणतो टर्की. तुर्क म्हणतात ‘हिंदी’. फ्रेंच ‘दँद’, म्हणजे हिंदुस्थानचा. पोर्तुगीज ‘पेरू’. पक्षी माणसाळला मेक्सिकोत!

कोशकिडा
पोर्तुगीज पेरू म्हणतात तर आपणही तेच घेऊ. हिंदीत ‘पीरू’ आहेच.

पाटावरवंटा
‘पेरूची ग्रेव्ही’ असा मथळा दिला तर लोक फळं चिरायला घेतील. मला मजकूर शुक्रवारपर्यंत द्यायचाय. ग्रेव्हीला काय लिहू?

कोशकिडा
पेरू फळाचं नावही पोर्तुगीजांकडूनच आलं असणार, त्यावर वेगळा धागा काढू.

रांजण
गुठळ्यांचं लिहिलंत का? परतलेल्या मैद्यात आधी अर्धाच कप घालून गुळगुळीत पेस्ट करायची, मग बाकीचं हळूहळू, घोटत. एकदम ओतलं की पिठाच्या गोळीचं वरचं आवरण फुगून चिकट होतं आणि आत पाणीच शिरत नाही. झाल्याच गुठळ्या तर गाळणं आहे.

तिखटजाळ
कलेजी राहिली. पक्ष्याच्या पोटातल्या कागदी पुडीत मान-पेट्याबरोबर तीही असते.

उलथनं
ती त्या पाण्यात नको, कडवटपणा उतरतो. लोण्यावर वेगळी परतून, बारीक चिरून, शेवटी घालायची. पेटा मात्र दोन तास पाण्यातच, नाहीतर चावत बसावं लागेल.