कॉन्टेसाला 'भारताची मसल कार' म्हणणाऱ्यांनी एकदा बोनेट उघडून बघावं

बोनेटवाला:
काल एका ग्रुपवर कुणीतरी लाल कॉन्टेसाचा फोटो टाकला, खाली लिहिलंय 'इंडियाची ओरिजिनल मसल कार, खरी क्लासिक' आणि त्यावर बदामांचा पाऊस. रात्री झोप नाही आली म्हणून लिहितोय.

मसल कार म्हणजे काय हे 1964 ला पॉन्टिअ‍ॅकने दाखवून दिलंय. टेम्पेस्ट म्हणजे साधी मधल्या आकाराची घरगुती गाडी. असल्या गाडीत 330 क्युबिक इंचाच्या वरचं इंजिन टाकायचं नाही असा जनरल मोटर्सचा नियम, तर पॉन्टिअ‍ॅकचा इंजिनिअर डिलोरिअन आणि मंडळींनी 389 चं व्ही-एट 'ऑप्शन' म्हणून घुसवलं आणि नाव ठेवलं जीटीओ. 325 हॉर्सपॉवर, जादा पैसे फक्त 296 डॉलरच्या आसपास. पाचेक हजार खपतील असं वाटलं होतं, खपल्या 32,450. म्हणजे साधी बॉडी, राक्षसी इंजिन, पगारदार पोराला परवडेल असा भाव. संपली व्याख्या.

आता आमची कॉन्टेसा, हिंदुस्तान मोटर्सची. बॉडी व्हॉक्सहॉलची, इंग्लंडात 1978 ला बंद झालेली. इंजिन अ‍ॅम्बॅसडरचं, 1489 सीसी, जेमतेम 50 घोडे. जीटीओ म्हणजे बैलगाडीला रेल्वेचं इंजिन लावलेलं, आणि ही रेल्वेच्या डब्याला शिलाई मशीनची मोटर! आमच्या काकांनी 85 ला मोठ्या हौसेने घेतली, एसी बाहेरून बसवून घेतला. खोपोली सुटली की काकूचं ठरलेलं काम, एसीचं बटण बंद करायचं आणि काचा खाली करायच्या. नाहीतर घाटात मागून एसटी हॉर्न मारायची. एसटी!

सातारी_गिअर:
साहेब तुम्ही 85 ची गाडी बघून सगळ्या खानदानावर बोलताय. नंतर इसुझूचं 1817 सीसी इंजिन आलं, 88 हॉर्सपॉवर, पाच गिअर. तेव्हा रस्त्यावर दुसरं काय होतं? मारुती 800 म्हणजे 796 सीसी, फियाट म्हणजे 1089. पैलवान तालमीत बघायचा असतो, ऑलिंपिकमध्ये नाही. आमच्या तालमीत हीच पैलवान होती. मागची चाकं ओढणारी, लांब नाक, सिनेमातला प्रत्येक स्मगलर हिच्यातनंच उतरायचा. आणि क्लासिकचं म्हणाल तर डिकीवर कंपनीनेच लिहिलंय की 'कॉन्टेसा क्लासिक', अजून काय पुरावा पाहिजे.

बोनेटवाला:
डिकीवर लिहिल्याने होत असेल तर आमच्या रिक्षावाल्याने मागे 'फेरारी' लिहिलंय, तिचंही बघा.

मिशिगनकर:
इथे डेट्रॉईटजवळ राहतो म्हणून दोन पैसे टाकतो. दर ऑगस्टमध्ये वुडवर्डवर ड्रीम क्रूझ असते, सगळा रस्ता जुन्या गाड्यांनी भरलेला आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे. तिथेही हेच भांडण चालतं. एका आजोबांना मी त्यांच्या मस्टँगबद्दल 'नाइस मसल कार' म्हणालो तर त्यांच्या शेजारचा उठून आला, की ही पोनी कार, म्हणजे लहान चणीची स्पोर्टी गाडी, मसल नाही, मसल म्हणजे मधल्या आकाराची. आजोबा चिडले. पंधरा मिनिटं ते दोघं एकमेकांशी, मी तसाच उभा.

आणि 'क्लासिक'चं तर विचारूच नका. इथला एक जुना क्लब 1948 च्या पुढची गाडी फुल क्लासिक मानतच नाही, म्हणजे बोनेटवाल्यांची जीटीओसुद्धा आऊट. उलट बऱ्याच राज्यांत 25 वर्षं झाली की जुन्या गाडीची वेगळी नंबर प्लेट मिळते, त्या हिशोबाने माझी पडीक 98 ची कॅमरी पण ऐतिहासिक. अजून एक, ते 325 वगैरे आकडे ग्रॉस होते, इंजिन टेबलावर ठेवून मोजलेले, ना सायलेन्सर ना फॅन. 1972 पासून नेट आकडे छापायला लागले आणि कागदावरचे घोडे एका रात्रीत पळाले. 88 ला हसताना हे पण धरा.

बोनेटवाला:
धरलं. अर्धे घोडे पळाले तरी 160 उरतात, काका.

काळीपिवळी:
तुम्ही सगळे मोठ्या गाड्यांचं बोलताय. माझ्या बाबांनी पद्मिनी, म्हणजे तीच फियाट, टॅक्सी म्हणून चालवली, परळ ते फाउंटन, त्यावर आम्ही तीन भावंडं शिकलो. स्टेअरिंगवरचा गिअर, पुढे बाकड्यासारखी सीट. उन्हाळ्यात पेट्रोल पंपाशीच उकळायचं आणि गाडी मधेच बंद, मग बाबा बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचे, दोन मिनिटं थांबायचे, विडी नाही पेटवायची, पॅसेंजरला म्हणायचे 'बसा, तिला ताप आलाय'. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 ला रजिस्टर झाली, 20 वर्षांची मुदत संपली आणि 2023 ला सगळं संपलं. क्लासिक ती. ज्या गाडीने पोट भरलं ती क्लासिक.

पुणे30:
भावना समजतात पण टॅक्सीतल्या निम्म्याअधिक पद्मिनी ओरिजिनल कुठे होत्या? कुणी डिझेल घातलेलं, नंतर तर सगळ्यांनी सीएनजी बसवलं. डिकीत सिलिंडर घालून फिरणाऱ्या गाडीला क्लासिक म्हणणं म्हणजे कठीण आहे. 2021 च्या केंद्राच्या नियमात स्पष्ट आहे, 50 वर्षं पूर्ण आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचं, तरच विंटेज आणि तरच 'व्हीए'वाला नंबर.

काळीपिवळी:
सीएनजी बाबांनी हौसेने नाही बसवलं, टॅक्सीला सक्ती होती. आणि इंजिन तेच होतं, फक्त प्यायला दुसरं दिलं. तुमच्या आजोबांनी दात बदलले तर ते आजोबा राहत नाहीत का?

पुणे30:
आजोबांना व्हीए नंबर घ्यायचा नाहीये.

रंकाळा:
ओरिजिनल बघायची असेल तर दसऱ्याला कोल्हापुरात या. महाराजांची मेबॅक, जुनी जर्मन शाही गाडी, निघते, तिच्यापुढे तुमच्या कॉन्टेसा-बिंटेसा म्हणजे खेळणी. मुंबई-पुण्याबाहेर पण गाड्या होत्या हे कुणीतरी लिहा कधी.

सातारी_गिअर:
रंकाळा, मेबॅकचं कुणी विचारलं नाही भावा, पण ठीक आहे, येतो.

पुणे30, तुमच्या नियमाने 84 ची पहिली कॉन्टेसा 2034 ला विंटेज होणार. तोपर्यंत ती काय? भंगार? आणि नंबर मिळाला तरी फी 20 हजार आणि रोज चालवायची नाही, फक्त शोला, रॅलीला, पेट्रोल भरायला न्यायची. म्हणजे 50 वर्षं जी रोज चालली म्हणून जगली तिला बक्षीस काय, तर घरात बस!

उंब्रजची:
यावर मी बोलते. वडिलांची 74 ची फियाट आहे, त्यांच्यामागे मी सांभाळते. गेल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने इंजिन उतरवून बोरिंगला पाठवतो म्हणून सांगितलं आणि परत आलं ते दुसरंच. नंबर घासलेला, मला कळलं सहा महिन्यांनी, पासिंगच्या वेळी इन्स्पेक्टरने टॉर्च मारून दाखवला तेव्हा. आता कागदावर इंजिन एक, गाडीत एक. आरटीओत मला एक म्हणाला, 'मॅडम स्क्रॅपला द्या, चांगली स्कीम आहे.' वडिलांनी त्या गाडीतून मला दवाखान्यातून घरी आणलं होतं. पुणे30, सांगा, माझी गाडी ओरिजिनल नाही ना? मग काय करू?

पुणे30:
ताई तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण नियम भावनेवर चालत नाहीत. उद्या कुणीही नवीन होंडाचं इंजिन घालेल आणि म्हणेल वडिलांची आठवण.

काळीपिवळी:
तुम्ही कधी गाडी ढकललीय का हो? एकदा तरी? का नुसतीच पुसून झाकून ठेवता?

पुणे30:
माझी 58 ची लँडमास्टर आहे, अ‍ॅम्बॅसडरच्या आधीची, सगळं मॅचिंग नंबर, म्हणजे इंजिन-चासीचे नंबर कंपनीतून आले तेच. ढकलायची वेळ येत नाही.

काळीपिवळी:
कारण ती फाटकाबाहेर जात नाही.

मिशिगनकर:
इथे मॅचिंग नंबरवाल्या गाडीला दुप्पट भाव मिळतो हे खरं, आणि त्यासाठी ब्लॉकवर खोटे नंबर ठोकणारेही आहेत. पण रोडरनर काय होती? 1968 ची स्वस्तातली प्लिमथ, खाली कार्पेट नाही, रबरी मॅट, भोंग्याला कार्टूनमधल्या पक्ष्याचा आवाज. पोरांनी इंजिनं फोडली, बदलली, परत फोडली. वापरून वापरून ज्यांचं वाटोळं झालं त्याच खऱ्या मसल कार, असं माझं मत. उंब्रजच्या ताई, ते दुसरं इंजिन निदान फियाटचंच आहे ना?

उंब्रजची:
फियाटचंच आहे. आणि आधीच्यापेक्षा चांगलं चालतं, तेच दुखतंय.

बोनेटवाला:
विषय माझा होता, कॉन्टेसाचा, आठवतंय का कुणाला? असो. ताई, आधी त्याच इंजिनाची पोलीस एनओसी आणि खरेदीची पावती जुळते का बघा, मग इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर करून घ्या. चकरा मारायला लागतील. पण पासिंग होईल, व्हीए नंबर गेला खड्ड्यात.

सातारी, तुमच्यासाठी एवढं मान्य करतो की 1800 सीसीची कॉन्टेसा तिच्या तालमीत बरी होती. रस्त्यावर बसायची मस्त, सोफ्यासारखी. मसल नाही. फार तर अंगापिंडाने भरलेली म्हणा.

सातारी_गिअर:
उपकार झाले. रविवारी तुम्ही काहीही आणा, मी माझी 92 ची आणतो. पायथ्यापासून सिंहगड, वर झुणका-भाकर हरणाऱ्याकडून.

बोनेटवाला:
चालेल. पण एसी लावून चढायचं.

सातारी_गिअर:
एसीचा गॅस गेलाय.