दूरच्या नातेवाइकांपर्यंत घरातील साध्या बातम्या कशा पोहोचवाव्यात?

प्रश्न: आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटात शुभेच्छांची चित्रे रोज येतात, मात्र कोणाची परीक्षा कशी झाली किंवा कोणाची प्रकृती बरी नव्हती, हे फार उशिरा कळते. आईला टाइप करणे जमत नसल्याने ती तर बाजूलाच पडते, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटते. काय करावे?

प्रतिसाद १: केवळ घरच्या बातम्यांसाठी वेगळा गट करावा आणि तसे त्याच्या वर्णनातच लिहावे. आईंना आवाजी संदेश पाठवायला शिकवावे. मायक्रोफोनचे चिन्ह दाबून वर सरकवले की बोट उचलले तरी ध्वनिमुद्रण चालू राहते, त्यामुळे थरथरत्या हातांनाही ते जमते. त्यांच्या आवाजात जे पोहोचते, ते लिहून पोहोचणार नाही.

प्रतिसाद २: संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू असेल, तर निवडीनुसार ते 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी जातात, आवाज जपायचे असतील तर ती बंद ठेवावी. आजारपणाची बातमी मात्र त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय गटात टाकू नये, आणि अगदी जवळच्यांना ती आधी फोनवर सांगावी.

प्रतिसाद ३: साप्ताहिक व्हिडिओ कॉलची वेळ वडीलधाऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे ठरवावी, कारण काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढे-मागे होते आणि तो हिशेब तरुणांनी सांभाळणे अधिक योग्य आहे.