मदत हवी आहे : पेडर्पेस या प्राचीन चार पायांच्या प्राण्याच्या पुढच्या पायाला बोटं किती दाखवायची?

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्याला, दांडिया बाजारात राहतो. नववीतल्या भाचीला विज्ञान प्रदर्शनासाठी मासा ते जमिनीवरचा प्राणी हा प्रवास शाडूत करायचाय. ‘रैयोलीला (गुजरातेतलं डायनोसॉरच्या जीवाश्मांचं ठिकाण) घेऊन जा’ हा सल्ला कृपया नको. तिथले डायनोसॉर कार्बोनिफेरस (आमचे पेडर्पेस वगैरे प्राणी ज्यातले, तो सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा काळ) संपल्यावर २० कोटींहून जास्त वर्षांनी आले!

गाडी अडलीय पेडर्पेसवर. त्याचा जीवाश्म १९७१ मध्ये स्कॉटलंडमध्ये सापडला, मासा म्हणून ग्लासगोच्या संग्रहालयात पडून राहिला, आणि २००२ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जेनी क्लॅक यांनी तो चतुष्पाद (चार पायांचा प्राणी) असल्याचं दाखवलं. वय सुमारे ३५ कोटी वर्षं. त्याआधीच्या अकँथोस्टेगा या पाण्यातल्या चतुष्पादाला पुढे आठ-आठ बोटं, ती करून झाली. पेडर्पेसची मागची पावलं पाच बोटांची, चालण्यासाठी पुढे वळलेली, हेही कळलं. पण पुढच्या पायाला सहावं बारीक बोट असावं असंही म्हणतात. ते करावं का? परीक्षक नेमकं तेच विचारतील.

शिवाय पेडर्पेस मीटरभर, आणि कॅनडात झाडाच्या पोकळ बुंध्यात सापडलेला हायलोनोमस हा सुरुवातीचा सरपटणारा प्राणी शेपटीसकट वीतभर. एकाच प्रमाणात केला तर तो दिसणारच नाही. काय करावं?

भूशास्त्र शिकवलेलं कुणी वडोदऱ्यात असेल तर अर्धा तास द्याल का? आम्ही घरी येऊ.