केएच (पाण्याची आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवायची ताकद) टिकवायला माशांच्या टाकीत तिसऱ्यांची शिंपलं किती घालावीत?

मदत हवी आहे. फोंडा, २०० लिटरची टाकी, मॉली आणि गप्पी मासे.

नळाचं ताजं पाणी पीएच ६.७, केएच जेमतेम २. बादलीत २४ तास एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालवला की कार्बन डायऑक्साइड उडून पीएच ७.३ होतो, म्हणजे ताजा आकडा फसवाच. खरं दुखणं केएचचं. नायट्रिफिकेशन (जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल बनतं) तो खाऊन टाकतं. टाकीत आठवड्यात केएच १, पीएच ६.६.

६० लिटर पाणी बदलताना १.८ ग्रॅम बेकिंग सोड्याने त्या पाण्याचा केएच १ ने वाढतो, पण टिकत नाही. म्हणून तिसऱ्यांची शिंपलं उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवायची आहेत. सुरुवात किती ग्रॅमने करावी? अख्खी की चुरा? चुरा लवकर विरघळतो, पण पीएच एकदम चढायची भीती. (वाळूत गोळा केलेली नकोत.)