'यस्' : बर्फ की बी?

शंका : अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्या भाषेत पडलेल्या बर्फाला 'यस्' म्हणतात असं वाचलं. ॲरिझोना, न्यू मेक्सिको म्हणजे वाळवंट ना? मग तिथे हा शब्द आला कुठून?

उत्तर १ : नवाहोंचा मुलूख उंच पठारावर आहे, हिवाळ्यात तिथे चांगलं बर्फ पडतं. त्यांच्या जानेवारीच्या नावातही 'यस्' आहेच. काही जण 'यस्' म्हणतात, काही 'ज़स्', दोन्ही बरोबर.

उत्तर २ : शब्द मात्र उत्तरेकडचा. नवाहो ही अथाबास्कन कुळातली भाषा आणि या कुळाच्या बहुतेक भाषा अलास्का आणि वायव्य कॅनडात बोलल्या जातात. कॅनडातल्या डेने सुलिने भाषेत बर्फ म्हणजे 'यथ्', अलास्का-युकॉनमधल्या ग्विचिनमध्ये 'झाह्'. एकाच मुळाच्या या फांद्या. (गंमत म्हणजे 'अथाबास्का' हे नाव मात्र शेजारच्या क्री भाषेतलं. हे लोक स्वतःला डेने, दिने म्हणतात, म्हणजे 'माणसं'.)

शंका : पण बर्फ दोन्हीकडे पडत असेल, तर नुसत्या शब्दावरून नवाहो लोक उत्तरेतून आले हे कसं ठरतं?

उत्तर २ : नाहीच ठरत. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1936 साली नवाहोंच्या उत्तरेकडच्या मुळाबद्दल लेख लिहिला, त्यातला पुरावा जास्त चोख आहे. बी जमिनीवर विखरून पडलंय, हे सांगणारं नवाहो क्रियापद त्यांनी याच बर्फाच्या मुळाशी नेऊन जोडलं. आधी बर्फाचा भुगा जमिनीवर पसरायचा. पुढे दक्षिणेत येऊन हे लोक मका पेरायला लागले, तेव्हा तेच क्रियापद बियाण्याला लागलं. शेती नवी, शब्द जुनाच. स्थलांतराची खूण नामात नाही, ती या क्रियापदात सापडते.

उत्तर ३ : हे मराठी कानाला अगदी ओळखीचं वाटतं. पावसाची भुरभुर असते आणि भज्यांवर मीठही आपण भुरभुरतोच! बर्फाच्या नावाचं मात्र आपल्याकडे उलटं आहे : 'हिम' संस्कृतातून, 'बर्फ' फारसीतून. घरच्या अशा फक्त गारा.

शंका : आणि 'यस्' लिहायचं कसं? यास की यस?

उत्तर १ : स्वर ऱ्हस्व आहे. 'यास' नको, 'यस्'च लिहा.